अकराशे साठ

पोवई नाक्यापासून जवळच, टायरच्या दुकानावर,
दुसऱ्या मजल्यावर माझं व्हिएन्ना आहे.
खिडकीतून किल्ल्याचा उतार दिसतो, एक मोबाइलचा टॉवर दिसतो,
आणि पडद्यावर पाकिटं येतात
यंत्राला न वाचता आलेली.
एका पाकिटाला सहा सेकंद.

तिथल्या पेठांना वार नाहीत, आकडे आहेत.
मधोमध एक. मग कढईत जिलबी सोडावी तसं
दोन, तीन, चार, फिरत फिरत
पार तेवीसपर्यंत.
पिनकोडच्या मधले दोन आकडे म्हणजे पेठ;
पुढचा एक आणि मागचं शून्य
नुसते दारावरचे शिपाई.
हे घोरपडे सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं
आणि म्हणाले, अर्थ नका लावू. अक्षर लावा.

अक्षर लावता लावता अर्थ लागतोच, सर.
एकोणिसातली माणसं जाड कागद वापरतात.
दहात जुन्या पाकिटावर चिठ्ठी डकवून
तेच पाकीट पुन्हा धाडतात, आमच्यासारखं.
अकरात मोठी दफनभूमी आहे म्हणे,
पण काळ्या काठाची पाकिटं कुठल्याही आकड्याला जातात.
आणि ते लोक एकाला इतकी लांब शेंडी काढतात
की तो सात वाटावा,
म्हणून बिचाऱ्या साताला कमरेत आडवी रेघ.
रेहाना बागवान म्हणते, आपल्या एक आणि नऊचं
भांडण काय वेगळं आहे?

एक हिरवी शाई होती.
दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात,
लेओपोल्ड व्रबा, जिना तीन, दार चौदा,
अकराशे साठ. म्हणजे सोळावी पेठ.
लिहिणारी बाई असावी, असं मीच ठरवलं.
पाकिटाची पाठ आम्हाला दाखवत नाहीत.

दिवाळीनंतर तिच्या सहाची मान आखडली.
पोट तेवढं राहिलं.
यंत्र म्हणालं, शून्य. अकराशे. दहावी पेठ.
मी म्हटलं, गप रे,
आणि सोळा दाबलं. दोन सेकंदांत.
उरलेले चार मी कुणाला दिले, माहीत नाही.
हात मांडीवर ठेवून बसले होते.

जानेवारीत आलं नाही.
फेब्रुवारीत एक हिरवं आलं, पण ते बाविसातल्या शाळकरी पोराचं.
मार्चमध्ये लक्षात आलं ते जेवणाच्या डब्यावर,
घास तोंडात असताना:
छापलेला पत्ता यंत्र आपलं आपण वाचतं.
व्रबांच्या दारी काळ्या काठाचं पाकीट गेलं असेल
तर ते छापील असणार, स्वच्छ, सरळ ओळीत,
आणि माझ्यापर्यंत येण्याचं त्याला कारणच नाही.
वाईट अक्षर असेल तरच मला बातमी.
किंवा हात बरा झाला असेल तिचा.
तेही मला कळायचं नाही.
रेहानानं विचारलं, लोणचं तिखट आहे का?
मी हो म्हटलं.

साडेदहाला शिफ्ट सुटते.
मी आठवड्यातून चालत घरी जाते,
गुरुवार, शनिवार, मध्येच कुणा यादोगोपाळाची पेठ,
वारांची ओळ बिघडवायला.
शिवदास गुरव पोस्टमन रिटायर व्हायच्या आधी सांगायचे,
पोरी, पेठ चुकली तरी चालेल, आडनाव चुकू नये.

काल चौकात एक मुलगा गाडी थांबवून उभा,
पाठीवर भलीमोठी पेटी, हातात पेटलेला फोन.
मॅप म्हणतोय पोचलो, तो म्हणाला,
आणि इथं तर काहीच नाही.
पत्ता दाखवला:
मंगळवार पेठ, गिरणीजवळ, सुतारांच्या वर.
गिरणी बंद होऊन अकरा वर्षं झाली.
सुतार कऱ्हाडला गेले.
मला सहा सेकंदही लागले नाहीत.
हात करून दाखवलं, डावीकडं, हौदानंतर, निळा जिना.
त्यानं मान हलवली, गाडीला किक मारली
आणि निघाला उजवीकडं.

अरे ए, मी ओरडले,
तिकडं शनिवार लागेल!